माडाखालचं घड्याळ

"हात तर लावून बघ त्या झावळीला!" रुसीलाने खालूनच दम भरला.

शिडीवरचा एमोसी कोयता हातात धरून तसाच थांबला. राजधानीतल्या, म्हणजे सुवाच्या, भूकंपखात्यातला केस पिकलेला तंत्रज्ञ. आईपुढे मात्र अजून शेंबडा पोर.

तिच्या घरामागच्या टपरीत भूकंपाचं यंत्र होतं, आणि त्याचं घड्याळ महिनाभर सुवाशी फटकून वागत होतं. धरणी कुठे हलली, हे सगळ्या बेटांवरची यंत्रं आपापला क्षण ताडून ठरवतात. एकाचं घड्याळ चुकलं, तर लाटेचा इशारा भलत्याच गावाला जायचा. म्हणून एमोसी मिळेल त्या बोटीने आला होता.

काल लिंबाच्या पानांचा चहा पिताना त्याने आईला बिघाड समजावला होता. "घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेतं. तो दिसेनासा झाला की नेटवर्कवरून सुवाला विचारतं. उत्तर यायला जेवढा वेळ लागला, त्यातला निम्मा जाण्यात गेला असं धरतं. पण आपला निरोप जातो जवळच्या वाटेने, येतो लांबच्या. तिथेच हिशेब चुकतो."

"त्यात काय मोठंसं? तू गेलास एका बोटीत. यायला किती वर्षं लावलीस?"

एमोसीने कप उपडा केला.

आणि आज उपग्रह झाकणारा चोर सापडला होता. अँटेनावर माडाने छत्री धरली होती, आणि माड एमोसीचाच. जन्मल्यावर त्याची नाळ पुरून बापाने वर नारळ लावला होता. उन्ह प्रवाळाच्या रांगेवर आलं की बाप चर्चपुढचा लाकडी नगारा बडवायचा; तीच गावाची वेळ. कुणी कुणाशी ताडून बघत नसे.

"शाळेतल्या मास्तरांना झावळ्या छाटायला सांगितलं होतं ना मी?"

"आले होते कोयता घेऊन. मीच हाकललं."

"का गं?"

"इतकी वर्षं छाटत होते, तोवर घड्याळ ठणठणीत चाललं. आणि तू फिरकला नाहीस."

एमोसीला शरमेने खाली बघवेना. तो उतरला. कोयता ठेवला, आणि अँटेना सोडवून पार किनाऱ्यावर उघड्या आभाळाखाली नव्या खांबावर चढवली. शिडी रुसीलानेच धरली. जेवणापर्यंत घड्याळ सुवाशी जुळलं.

"आता नाही ना बिघडणार?"

"नाही, आई."

"बरं झालं. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

"नाताळला येतो मी."

"गेल्या नाताळलाही येतच होतास."

दुपारी बोट सुटली. एमोसीने वळून पाहिलं. नव्या खांबाच्या बुडाशी रुसीला वाकून खड्डा खणत होती. बाजूला कोंब फुटलेला नारळ होता.

माडाला खांबाएवढं व्हायला दहा-बारा वर्षं तरी लागतात. रुसीलाने ऐंशी कधीच ओलांडली होती. तिने माती पायाने नीट दाबली, कंबर सरळ केली आणि बोटीकडे बघून हात हलवला.