सगळे सारखेच हरू

मोहोपाड्याला कारखान्याची कॉलनी वसली तेव्हा आमच्या चाळीत दर भिंतीआड एक वेगळा मुलूख होता. डावीकडे रामसमुझ, उत्तर प्रदेशचा. उजवीकडे अप्पलस्वामी, पार आंध्रातल्या श्रीकाकुळम बाजूचा. वरच्या मजल्यावर वर्गीस, केरळचा, कंपनीत टाइमकीपर. मी खालापूर तालुक्यातलाच. त्यांच्या मानाने मी घरातून अंगणात आल्यासारखा.

अप्पलस्वामी आणि मी एकाच खात्यात होतो. भरलेली पिंपं उचलायची, दोघांनी दोन बाजूंनी. एकाने आधी उचललं तर दुसऱ्याच्या कमरेचं वाटोळं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने मला "ओकटी, रेंडू, मूडू" शिकवलं आणि मी त्याला "दमानं रं" शिकवलं. मूडू म्हटलं की पिंप वर. पुढे खात्यातली सगळी माणसं, अगदी रामसमुझसुद्धा, तेलुगूतच पिंपं उचलायला लागली. असं का, हे कोणी विचारलं नाही.

अप्पलस्वामीची बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली. घरी आईशी कशावरून तरी बिनसलं होतं, त्यामुळे गावाकडे जाणं जवळजवळ नव्हतंच. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायचा. सुंदरा, माझी बायको, सुकटीचं कालवण करायची. हा पहिला घास घ्यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, कारम चालदू."

म्हणजे तिखट कमी पडलं. दर रविवारी तेच.

"कमी? अरं, घाम फुटलाय तुला!" सुंदरा म्हणायची. "तुज्या गावात मिरचीबिगर दुसरं काय पिकत नाय का रं?"

"पिकतंय ना. भात पिकतंय. मिरचीत कालवाला."

कॉलनीची एक समिती होती. पाणी, दिवे, गटारं असल्या गोष्टींसाठी महिन्याला सभा भरायची. त्या वेळच्या सभा म्हणजे बाजारच. एक जण बोलायचा आणि त्याचं बोलणं चार दिशांना चार भाषांतून जायचं. तेलुगू माणसांची तेव्हा आणखी दोन घरं होती. हसायलाही सगळे एकदम हसत नसत. आधी मराठी हसायचे, मग हिंदीवाले, आणि पुढचा माणूस रडकथा सांगायला लागला की कोपऱ्यातून तेलुगू हसू फुटायचं. बायकाही येऊन बसायच्या.

मग वारं बदललं. तिकडे मद्रासकडे हिंदी पाट्यांना डांबर फासलं जात होतं, इकडे मुंबईत दक्षिणेच्या माणसांवर राग निघत होता. कॉलनीत त्याची झळ आली. साजगावचा पोपट नावाचा कामगार एका सभेत उठला आणि म्हणाला, "महाराष्ट्रात ऱ्हायचं तर मराठीत बोला. इथं जत्रा भरवायची नाय." रामसमुझ म्हणाला, देश की भाषा हिंदी है. आवाज चढले. कोणीतरी खुर्ची आपटली.

तेव्हा अप्पलस्वामी उभा राहिला. त्याचं बोलणं म्हणजे आमच्या सगळ्यांच्या भाषांची खिचडी. म्हणाला, "मराठी केला तर पोपट जिंकला. हिंदी केला तर रामसमुझ जिंकला. इंग्लिश करा. सगळे सारखेच हरू."

सभेत हशा झाला, आणि या वेळी सगळे एकदम हसले. आमच्या बुद्धवाडीतला जयवंता, मॅट्रिक झालेला पोरगा, तोही उठला. म्हणाला, "मराठीत आपल्याला गावाबाहेर बसवलं. इंग्रजीत कोणी बसवलेलं नाय. तिला गावकी नाय, भावकी नाय."

त्याचं बोलणं मला लागलं. छप्पनच्या आधीचा गाव मी पाहिलेला होता. ज्या हाका मला मराठीत ऐकाव्या लागल्या, त्या इंग्रजीत कोणी मारल्या नव्हत्या. पण मी पस्तिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात बसून नुकता कुठे मराठी वाचू लागलो होतो, आणि त्या अक्षरांवर माझा जीव जडला होता. दोन्ही बाजू मला पटत होत्या. माझा हात वर होण्याची कोणी वाटही पाहिली नाही. ठराव दणक्यात पास झाला.

खोटं कशाला सांगू, फायदा झाला. वर्गीस सेक्रेटरी झाला. त्याचे इंग्रजी अर्ज वाचून मॅनेजर खुर्चीतून उठायचा. नळाला पाणी आलं, छपरं गळायची थांबली. भांडणंही मिटली. सभा चहा निवायच्या आत संपू लागल्या.

नुकसान मात्र हळूहळू झालं, म्हणून ते दिसलं नाही. सुंदरा सभेला जायची बंद झाली. "थितं बसून काय करू? पंखा बघू?" म्हणायची. बाकीची तेलुगू कुटुंबं बदली होऊन गेली. खात्यात नवे लोक आले ते "वन, टू, थ्री" म्हणत पिंप उचलायचे. आता एक भाषा होती, मग एकमेकांची कशाला शिकायची? मी वीस वर्षं अप्पलस्वामीच्या शेजारी राहिलो आणि पहिल्या काही वर्षांत शिकलो त्याच्या पलीकडे त्याची भाषा मला आली नाही. त्यालाही माझी आली नाही.

एका रविवारी मी त्याला चिडवलं, "अप्पा, ही इंग्रजी तूच आणलीस. आता सभेत तूच तोंड मिटून बसतोस."

त्याने ताटातलं कालवण बोटाने निपटलं. मग म्हणाला, "सगळे हरायचं ठरला होता. वर्गीस हरला नाय. जयवंता हरला नाय." आणि हसला. "आपण हरला, भिवाजी."

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो छातीत कळ येऊन गेला. तार केली, पण इतक्या लांबून माणसं येईपर्यंत थांबता येईना. पाताळगंगेच्या काठी आम्हीच त्याला अग्नी दिला. नंतर त्याची आई आली. वाळून काटकी झालेली म्हातारी, अनवाणी. सोबत जावई, तिकडे कुठेतरी कारकून होता. त्याला इंग्रजी यायची.

समितीच्या सभा व्हायच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. म्हातारीला पुढे खुर्ची दिली, पण ती खाली चटईवर बसली. सभा सुरू होण्याआधीच ती जावयाला काहीतरी म्हणाली. त्याने ते वर्गीसला इंग्रजीत सांगितलं. मी वर्गीसला विचारलं, "काय म्हणते?"

"विचारते, माझ्या मुलाला इथे कोण होतं."

वर्गीस चांगला माणूस. तो इंग्रजीत बोलला, अप्पलस्वामीच्या नोकरीबद्दल, शिस्तीबद्दल. जयवंताही बोलला. जावई मान डोलवत होता आणि अधूनमधून म्हातारीच्या कानाशी दोन शब्द टाकत होता. ती आमच्या तोंडांकडे पाहत होती, एकेकाच्या.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "अम्मा, तुमच्या मुलाला आमी होतो." रविवारचं सांगितलं. मला कावीळ झाली तेव्हा तो कामावरून सुटून कर्जतला औषधाला जायचा, ते सांगितलं. आमच्या पोराच्या लग्नात मामा म्हणून त्यालाच उभा केला होता, तेही.

वर्गीसने डोळे पुसले आणि जावयाला इंग्रजीत चारपाच वाक्यं सांगितली. जावई म्हातारीकडे वाकला आणि एक वाक्य बोलला. फार तर अर्धं.

तिने मान हलवली. डोळ्यांत काही नव्हतं. माझं बोलणं तिच्यापर्यंत गेलंच नाही.

जावई गाडीची चौकशी करायला बाहेर गेला. लोक पांगू लागले. मागे बसलेली सुंदरा तेव्हा उठली. कितीतरी वर्षांनी ती त्या हॉलमध्ये आली होती. म्हातारीसमोर जाऊन ती चटईवर बसली. पदराने तोंड पुसलं, हातात नसलेला घास तोंडात घातला, मान हलवली आणि हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणाली, "कारम चालदू."

म्हातारी दचकली. तिने सुंदराच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. सुंदराचे दोन्ही हात घट्ट धरून ती बोलू लागली. थांबेचना. मध्येच काहीतरी विचारायची, सुंदराच्या डोळ्यांत पाहत उत्तराची वाट बघायची, पुन्हा विचारायची.

"हो अम्मा, हो," सुंदरा म्हणत राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अवो, काय इचारते ती? सांगा ना. तुमी त्याच्यासंगं एवढी वर्षं काम केलं."

म्हातारीच्या बोलण्यात मी ओळखीचा शब्द शोधत होतो. ओकटी नव्हतं, रेंडू नव्हतं. मी बाहेर धावलो आणि जावयाला ओढून आणलं. तो दारातच उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं, घड्याळ पाहिलं आणि वर्गीसला इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

वर्गीस आमच्याकडे वळला. "काही विशेष नाही," तो म्हणाला. "म्हातारी आहे, नुसती बोलतेय."