मुळ्याचा पाला आणि फवाऱ्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी फवाऱ्याची बाटली आहे आणि कारखान्यामागची विषारी माती अखेर उचलली गेली आहे. यातला दुसरा भाग अजून खरा झालेला नाही, तेव्हा तो तुम्ही वाचलाच नाही असे समजा. मीही तो बोललेच नाही असे समजते.

माझ्या बहिणी केशकर्तनालयात गेल्या, एक काचा पुसायला लागली. मी मात्र शिकल्यासवरल्या घरी पडले. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत एका ताईने मला हाती धरले.

ताईच्या आत्याचे शेत बॅटरीच्या कारखान्यामागे होते. कारखान्याच्या सांडपाण्याने तिथल्या मातीत कॅडमियम नावाचा जड धातू मुरला होता. झाड बिचारे पाणी प्यायला जाते आणि धातू पिऊन येते. मग पाने पिवळी पडतात, मुळे खुरटतात. झाडाला काही घर बदलता येत नाही. ते आतल्या आत संप्रेरके बनवते आणि त्यांच्या हाती निरोप धाडते, की बाबांनो, धातू खालीच अडवा, वर पानांत येऊ देऊ नका. हा निरोप क्षीण पडू नये म्हणून ताई तसलेच संप्रेरक पाण्यात मिसळून माझ्यात भरी आणि रोपांवर फवारी. कुंड्यांतला भात पुन्हा हिरवा झाला. माझी छाती इतकी फुगली की झाकण सैल झाले.

"आत्या, याने माती साफ होत नाही हं," ताई म्हणाली. "माती उचलेपर्यंत पीक तग धरेल, एवढंच."

"कळलं. तू आलीस की मला बरं वाटतं, पण गुडघा दुखायचा तो दुखतोच. तसंच ना?"

"अगदी तसंच."

माती उचलायची की नाही, हे ठरवायला अधिकारी यायचे होते. त्यांना दाखवायला ताईच्या साहेबांनी आत्याच्या शेतात मुळा लावायला सांगितला.

"सर, आपण धातू जमिनीखाली अडवतोय," ताई म्हणाली. "आणि मुळ्याचं खायचं ते जमिनीखालीच असतं."

"अहो, भात काय, गवतासारखा दिसतो. मुळ्याचा पाला बघा कसा डोळ्यात भरतो! खाली कोण वाकून बघतंय?"

खरेच कोणी वाकले नाही. मी फवारत राहिले आणि पाला असा माजला की अधिकाऱ्यांनी त्यात उभे राहून फोटो काढले. माझ्या गळ्यात लाल फीत बांधली.

"एवढं हिरवंगार शेत! मग माती उचलायची कशाला?" मोठे अधिकारी म्हणाले. माती उचलणे तिथल्या तिथे रद्द झाले. साहेबांना बढती मिळाली.

ताईने मुळे उपटून तपासले. धातू ठासून भरला होता. साहेब म्हणाले, "निष्कर्ष पाल्यापुरताच ठेवू या."

त्या संध्याकाळी आत्या बांधावर बसली होती.

"खाऊ का गं हे?"

"नको."

"विकू?"

"नको, आत्या."

"मग हे हिरवं केलंस कुणासाठी?"

ताईने मला खाली ठेवले. त्यानंतर तिने मला हातात घेतले नाही.

आता माझे तोंड गच्च बसले आहे. मी खिडकीत धूळ खाते. रस्त्यावरून जाणारे आत्याच्या शेताकडे बघून "काय नशीब काढलंय बाईनं!" म्हणतात. ताई अजून अर्ज करते. माती उचला, एवढेच मागते. दर वेळी एकच उत्तर येते, की सोबतचा फोटो पाहावा.

मित्रांनो, झाडाला सोसायला जरूर मदत करा. पण ते सोसते आहे म्हणून त्याच्या मुळाशी आणखी विष ओतू नका. हिरवे दिसले की एकदा खाली वाकून बघा.

उद्या मला भंगारात काढणार आहेत. तरी संबंधितांस नम्र विनंती की, मला भंगारात न देता, आत्याच्या शेतातली माती न्यायला जी पहिली गाडी येईल तिच्यात टाकण्यात यावे. गाडी येईपर्यंत खिडकीत थांबण्यास माझी हरकत नाही.