सात नंबरची रोजनिशी

सिस्टरांची तक्रार साधी होती: सात नंबरच्या खोलीतल्या नव्या आजींबद्दल लिहिलेलं दुसऱ्याच कुणाच्या पानावर उमटतं. वृद्धाश्रमाच्या नोंदींचं ॲप लिहिणारी प्रोग्रॅमरबाई नाक मुरडतच आली. निम्म्या तक्रारी चुकीचं बटण दाबल्याच्या असतात, असं तिचं ठाम मत. शिवाय या इमारतीत पाऊल टाकायची तिची मुळीच इच्छा नव्हती. सात नंबरमध्ये दीड महिन्यापूर्वी तिची आई वारली होती.

"ते दुसरं पान तुमच्या आईंचंच आहे," सिस्टर खाली बघत म्हणाल्या आणि औषधांची ट्रॉली घेऊन निघून गेल्या.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तिने पान उघडलं. आईचं नाव, त्यापुढे 'मृत'. आणि खाली रोजनिशीत कालची तारीख: जेवल्या नाहीत. लेक कधी येणार, विचारत होत्या.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. चूक लगेच कळली, कारण ती तिचीच होती. नव्या माणसाचं पान करताना तिचा कोड त्याच खोलीतल्या जुन्या पानाची नक्कल काढून नाव-वय बदलायचा. पण ती नक्कल वरवरची; आतली रोजनिशी दोन्ही पानांत एकच राहायची. एकीकडे लिहा, दोन्हीकडे दिसणार. असल्या चुकीसाठी ती टीममधल्यांना फैलावर घ्यायची: जुन्या नोंदीची नक्कल वापरायची नाही, आतबाहेर नवी नोंद करायची. हा भाग मात्र तिने आईच्या आजारपणात घाईघाईत उरकला होता. 'एवढं काम संपलं की येतेच' म्हणत तीन आठवडे काढले. काम संपलं तेव्हा आई नव्हती.

सगळं कळत होतं, तरी त्या ओळीवरून नजर हलेना. आई अजून विचारतेय, असंच वाटत राहिलं. आणि एवढी शहाणीसुरती बाई भान विसरली. तिने खाली टाइप केलं: लेक आज येणार आहे. त्यांना सांगावं.

मग हुंदका आवरेना, म्हणून ती तोंडावर पाणी मारायला गेली. दहा मिनिटांनी परत आली, तर आईच्या पानावर तिच्या ओळीखाली नवी ओळ होती: सांगितलं. आनंदाने रडल्या.

ती तशीच सात नंबरकडे धावली. दारात सिस्टर उभ्या होत्या.

"आजींच्या पानावर दिसलं, म्हणून सांगितलं हो," त्या कुजबुजल्या. "खरं तर त्यांना मूलबाळ नाही. पण या खोलीत आल्यापासून लेकीचाच ध्यास घेतलाय. म्हटलं, कुणी भाची असेल."

कोड दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती. सांगितलेलं कसं पुसणार?

आजी खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, साडी बदललेली, नजर दाराकडे. ती दिसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आलीस! अगं, किती वाळलीस."

मी तुमची लेक नव्हे, एवढंच सांगायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत ती त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसलीही होती.

"आता रोज येशील ना?" आजींनी विचारलं.

आईने विचारलं असतं, तर नेहमीसारखं हो म्हणून ती मोकळी झाली असती. या वेळी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. आजी तिचा हात धरून उत्तराची वाट पाहत राहिल्या.