बालटीवाली

“कोनी हात लावू नका. परदा मीच उघडतो,” हे म्हणाले.

मी आणि आमचा नातू अभिनव मागे सरकलो. मी तर नव्या साडीचा पदर मुठीत धरून उभी होते, जणू अंतरपाटच दूर होणार होता. ह्यांनी चाचपडत दोरी शोधली आणि ओढली. जाड मखमली पडदा सरसर बाजूला गेला.

समोर खिडकीभर करडं कापड होतं.

“अजून एक परदा हाय का?” ह्यांनी विचारलं.

अभिनवने काचेला नाक लावलं. “आबा, ये तो वही बॅनर है. त्याची मागची बाजू आहे ही.”

हॉटेलात शिरताना मी ज्या बॅनरखाली हौसेने फोटो काढून घेतला होता, तोच. तीन मजले उंच, आणि त्यावर लिहिलेलं, ‘हर कमरे से शहर का नज़ारा’. आता ती अक्षरं उलटी होऊन आमच्या खिडकीत लोंबत होती.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून अभिनवने विचारलं होतं, आबा, काय देऊ? ह्यांनी लगेच सांगितलं, “मले एक डाव उंचावरून लाल आभाळ पाह्यचं हाय.” हे इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर होते. लोखंड वितळल्यावर वरचा मळ, स्लॅग, मोठ्या पॉटमधून नेऊन बाहेर ओततात. तो ओतला की सारं आभाळ लाल होतं, आणि थोड्या वेळाने विझतं. प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणातून ते रोज दिसायचं. निवृत्तीनंतर आम्ही जवळच कोहक्याला घर बांधलं. आता चारी बाजूंना लोकांनी मजले चढवलेत, आभाळाची एक पट्टी तेवढी उरली आहे. त्यात ह्यांना काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, जे दिसतंय ते दिसतंय तोवर बघून घ्या.

नेहरू नगरच्या बाजूला हायवेवर हे नवं हॉटेल झालं होतं. त्यात ‘स्टील व्ह्यू’ नावाच्या खोल्या होत्या, आणि त्या नावाचे पैसे वेगळे. आठवडाभर मला झोप नव्हती. उभ्या जन्मात हॉटेलात राहिले नव्हते. हॉटेलात डबा नेत नाहीत एवढं मलाही कळतं, तरी बॅगेच्या तळाशी मी चिवडा ठेवलाच.

अभिनवने खाली फोन लावला. काउंटरवरची ऐश्वर्या नावाची मुलगी वर आली. गोड हसत म्हणाली, “सर, बॅनर तो महीने भर रहेगा. व्ह्यू तो है ही, बस अभी ढका हुआ है.”

“बेटी, बायकोचं तोंड घुंगटात असलं तरी बायको हायच,” हे म्हणाले. “पर पन्नास साल ढकून ठेवाचं का?”

तिला काही कळलं नाही. तिने भेट म्हणून केक पाठवते म्हणून सांगितलं. केक आला. त्यावर ‘हॅपी बर्थडे अंकल’ लिहिलेलं होतं. अभिनव तणतणत मॅनेजरला शोधायला खाली गेला.

“जाऊ द्या. तुमी तोंडहात धुऊन घ्या,” मी म्हटलं आणि न्हाणीघरात गेले. संगमरवर, आरसे, नावेएवढा टब. सगळं होतं, पण बालटी नव्हती. बादलीला आमच्याकडे बालटीच म्हणतात. मी फोन करून बालटी मागितली. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस चांदीसारखं चकचकीत भांडं घेऊन आला. त्यात बर्फ, आणि वर चिमटा.

हे पलंगावर बसून हसत सुटले. “अखीन माग बालटी. तुही जुनी सवय हाय ते.”

ही सवय साऱ्या सेक्टरला माहीत होती. आर्वीहून नवरी होऊन आले, त्या पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी लालभडक झाली. मी नळाखालची भरलेली बालटी उचलली आणि ‘आग लागली, आग लागली’ ओरडत रस्त्यावर धावले. शेजारचे सरदारजी, केरळवाल्या बाई, बंगाली मास्तर, सगळे बाहेर आले आणि पोट धरून हसले. तेव्हापासून मी बालटीवाली भाभी. आभाळ लाल झालं की हे अंगणातून हाक मारायचे, “सरले, बालटी आण.”

दार वाजलं. फरशी पुसणारी हिरा आपली निळी प्लास्टिकची बालटी धुऊन घेऊन उभी होती. “बरफ के बाल्टी म कइसे नहाबे दाई? ए ले, मोर वाला ले. धो के लाने हंव.”

बालटी घेण्याआधी मी तिला ती खिडकी दाखवली. लाल आभाळाचं सांगितलं. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि बालटी परत उचलली.

“छत म चलव,” ती म्हणाली. “उहां ले सब दिखथे.”

सामान न्यायच्या लिफ्टने आम्ही तिघं वर गेलो. मी, हे, हिरा आणि बालटी. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि मोकळा वारा. दिवस नुकताच मावळला होता. हिराने बालटी पालथी घातली. ह्यांना त्यावर कठड्याकडे तोंड करून बसवलं.

“आजकाल रोज नाई ओतत,” हे म्हणाले. “आपलं नशीब पाहू.”

तेवढ्यात कठड्यावरचा हॉटेलच्या नावाचा बोर्ड पेटला. मोठी लाल अक्षरं, ह्यांच्या अगदी समोर.

“पाह्य,” हे बसल्या जागी पुढे झुकले. “पाह्य सरले, कसं लाल झालं. म्या म्हटलं नव्हतं?”

“बबा, ओ तो बोरड...” हिराने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

एवढी दोन हात उंच अक्षरं. तीही ह्यांना दिसत नव्हती. घरी मला सांगायचे, अजून पेपर वाचतो.

मी मान फिरवली, आणि चादरींच्या पलीकडे, प्लांटच्या बाजूला, आभाळ खरंच पेटलं. खालून वर, ढगांच्या पोटापर्यंत. तेच, अगदी तेच. ह्यांना इकडे वळवलं असतं तर त्यांचं लाल खोटं ठरलं असतं.

“अवो, आग लागली,” मी म्हटलं.

“मंग बालटी आण.”

“तुमीच बसले तिच्यावर.”

हे इतके हसले की बालटी करकरली. मी टाकीच्या ओट्यावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले आणि आमच्या दोघांच्या वाटचं बघून घेतलं. पाठीतून त्यांचं हसू मला लागत होतं.

माझ्यासमोरचं आभाळ हळूहळू विझलं. काळं झालं. त्यांचं तसंच होतं.

“आज लय टाइम राह्यलं लाल,” ते म्हणाले.

“पॉट काठोकाठ असन,” मी म्हटलं.