अळीबाईचं घर

"अगं हळू! चपला आपटू नकोस, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

थोरली दारातच थबकली. चपला हातात घेऊन, चोरासारखी, ती स्वतःच्याच घरात शिरली. आई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली होती आणि धाकटीच्या कपाळावरची ओली घडी उलटीसुलटी करत होती. पलंग थोरलीचा होता. उशीही तिचीच. गेले काही दिवस ती स्वयंपाकघरात चटईवर झोपत होती.

"जेवायला काय आहे?" तिनं हळूच विचारलं.

"बघ बाई तूच काहीतरी. मला हिच्यापासून उठवेना."

थोरली आरोग्य खात्यात होती. घरोघर जाऊन साठवलेलं पाणी तपासायचं, हे तिचं काम. टाक्या, बादल्या, फुलदाण्या, गच्चीवरचे टायर, सगळ्यांत टॉर्च मारायचा, पळीनं पाणी काढून पांढऱ्या वाटीत ओतायचं आणि वळवळताना दिसल्या की अळ्या घरातल्या माणसाच्या नाकासमोर धरायच्या. सगळ्या वस्तीत तिला अळीबाई म्हणत. प्रत्येक दारात ती एकच पाठ म्हणे : "डास काही ताप घेऊन जन्माला येत नाही. आजारी माणसाला चावतो, तिथून उचलतो आणि दुसऱ्याला नेऊन देतो. हा पट्टेवाला दिवसाउजेडी चावतो, आणि तुमच्या आमच्या स्वच्छ पाण्यातच वाढतो." लोक माना डोलवत आणि ती वळली की दार लावून घेत.

वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच होती. आईचं गुडघेदुखीचं तेल, चष्म्याचा नंबर, रात्रीची गोळी, सगळं थोरलीच्या डोक्यात. लग्नाचं वय असंच आईच्या दुखण्याखुपण्यात निघून गेलं आणि त्याबद्दल कुणी हळहळलंही नाही. धाकटी लांबच्या शहरात संसार करत होती. सुट्टीला यायची, चार दिवस हसायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून लोळायची. तिला सगळे छकू म्हणत. पस्तिशी ओलांडली तरी छकूच. आणि थोरली मात्र दहा वर्षांची असल्यापासून 'मोठी'.

या खेपेला छकू आली आणि आठवड्याभरातच तापानं फणफणली. दोन घरं पलीकडे पोस्टमनकाका आधीच डेंगीनं झोपलेले होते, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट काय येणार हे थोरलीला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, सध्या घरीच ठेवा, भरपूर पाणी पाजा, रोज रक्त तपासा.

काळजी वाटली, नाही असं नाही. पण काळजीच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं, आणि ते हलेना. आई चमचा चमचा पाणी पाजायची. आई केस विंचरायची. आई, जिला गुडघ्यांमुळे उठायला थोरलीचा हात लागायचा, ती आता छकूनं नुसतं 'आई गं' म्हटलं की तीरासारखी उठायची. मागे थोरलीला कावीळ झाली होती तेव्हा आईनं दारातून विचारलं होतं, "मोठे, तुझं तू करून घेशील ना?" आणि मोठीनं करून घेतलं होतं. ताप यावा तर तोही नशीबवानालाच, असं तिच्या मनात आलं, आणि आल्याची लाज वाटली, तरी ते गेलं नाही.

रुग्ण सापडला की खात्याची माणसं घर तपासायला येतात. थोरलीच्या घरी आली ती तिचीच जोडीदारीण, जिच्याबरोबर ती रोज गल्ल्या पालथ्या घालायची.

"तुझ्या घरात काय बघायचं गं?" ती हसत म्हणाली. "पण नियम म्हणजे नियम."

"बघ की. ती छकूची बाटली आधी बघ." खिडकीत छकूनं आल्या आल्या काचेच्या बाटलीत एक वेल लावला होता. आईला त्याचं कोण कौतुक! थोरलीनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "शंभरदा बजावलं, पाण्यात झाडं नकोत. पण माझं ऐकतं कोण?"

जोडीदारणीनं बाटली उजेडात धरली. "काही नाही. पाणी ताजं आहे."

"रोज बदलते मी," छकू पलंगावरून पुटपुटली. "ताईनं सांगितलं होतं ना."

मग जोडीदारीण घरभर फिरली आणि फ्रिजच्या मागं वाकली. तो फ्रिज थोरलीनं स्वतःच्या पगारातून घेतला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मागच्या बाजूला खाली एक ट्रे असतो, त्यात पाणी ठिबकतं. तिनं तो अलगद ओढला, टॉर्च मारला आणि बाजूला सरकली. थोरलीनं वाकून पाहिलं. ट्रेमध्ये अळ्या गिरक्या घेत होत्या. काठाशी एक नुकताच कात टाकून बाहेर आलेला डास पंख वाळवत बसला होता.

"होतं असं," जोडीदारीण हळूच म्हणाली. "दिव्याखाली अंधार."

आईनं ऐकलं होतं. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट. "सगळ्या गावाला शहाणपण शिकवत फिरतेस मोठे, आणि तुझ्या घरात येऊन माझ्या लेकीची ही दशा झाली."

माझी लेक. थोरलीनं ट्रे मोरीत धुतला, घासला, पुन्हा घासला. मी कोण मग, भाडेकरू? त्या रात्री ती आईशी बोलली नाही आणि आईच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा चेहरा उजळला होता. "मोठे, उतरला गं ताप! हात लावून बघ, गार झालीय पोर."

छकू डोळे मिटून पडली होती. "आई, पोटात दुखतंय," ती म्हणाली. "मळमळतंय."

"उपाशी पोटी व्हायचंच, राजा. थांब, मऊ भात करते."

थोरली आरशासमोर वेणी घालत होती. ताप उतरल्यावरच खरी नजर ठेवायची असते, हे ती दारोदार सांगत असे. त्या सकाळी तिला ते आठवलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आठवलं होतं. पण दुसरा आवाज जास्त मोठा होता. ताप गेला, आता पोट धरलं. उद्या डोकं धरेल. लाड संपायला नकोत, एवढंच. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि पलंगाकडे न बघता निघून गेली.

दुपारपर्यंत तिनं किती घरं पाहिली, तिला सांगता आलं नसतं. एका घरात एक म्हातारा नातवाला औषध पाजत होता. त्याला ती नेहमीचा पाठ म्हणू लागली, "आजोबा, ताप उतरला म्हणून गाफील राहू नका. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, माणूस गळाठला, तर तसंच उचलून दवाखान्यात..." आणि तिथंच तिची जीभ अडखळली.

"काय झालं बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पळी-वाटी तिथंच टाकून ती धावली. रिक्षा दाराशी थांबवूनच ती घरात शिरली. भाताची वाटी तशीच होती. छकू घामानं डबडबलेली, ओठ पांढरे, हात बर्फासारखे. नाकाखाली रक्ताची वाळलेली रेघ होती. आई पदर हलवून वारा घालत होती.

"झोपलीय गं. दोनदा उलटी झाली, मग शांत झोपली."

"झोपली नाहीये आई! ऊठ, तिच्या पायांकडून धर."

दवाखान्यात सलाइन लागलं, धावपळ झाली, आत-बाहेर झालं. दोघी मायलेकी बाकावर एकमेकींना न शिवता बसून राहिल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "रक्तदाब पार खाली गेला होता. वेळेत आणलंत म्हणून. तुम्ही खात्यातल्या ना? कळतंच तुम्हाला."

थोरलीनं मान खाली घातली. वेळेत! ती वेळ सकाळचीच होती.

तिसऱ्या दिवशी छकू उशीला टेकून बसू लागली. आई अंघोळीला घरी गेली होती. थोरली मोसंबं सोलत होती, आणि सोललेली फोड हातातच धरून म्हणाली, "त्या सकाळी मला वाटलं, तू नखरे करतेयस."

"करतच होते," छकू म्हणाली. "सुरुवातीला."

थोरलीनं वर पाहिलं.

"ताई, तू रागावशील, पण सांगते. ताप आला तेव्हा मला जरा बरंच वाटलं. आई जवळ बसली ना! एरवी माझ्याकडे येते तेव्हा दोन दिवसांत तिची चुळबुळ सुरू. मोठी जेवली असेल का, मोठीनं गॅस बंद केला असेल का, मोठीला उन्हात फिरावं लागतं. माझ्या घरात बसून तुझंच पुराण! कधी कधी तर तुझा इतका राग यायचा मला. आई तुलाच मिळाली, मला नुसती भेटते."

ही बया आपल्यावर जळते? आपल्यावर? जिच्यावर जळावं असं आपल्याकडे काही आहे, हे थोरलीला या वयात पहिल्यांदा कळत होतं. तिनं फोड छकूच्या तोंडात घातली आणि दुसरी सोलायला घेतली.

छकूला घरी सोडलं तेव्हा तिच्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. तिचा नवरा न्यायला आला. आई एकदा पिशवीकडे, एकदा थोरलीकडे बघत राहिली. विचारायचं धाडस होत नव्हतं.

"जा तू तिच्याबरोबर," थोरलीच म्हणाली. "महिनाभर राहा. तेलाची बाटली पिशवीत खाली ठेवलीय."

"आणि तू?"

"मला काय झालंय?"

आई बसमध्ये चढताना मागं वळली, आणि वळली ती थोरलीचा हात धरूनच. "त्या दिवशी बोलले मी. तोंडातून गेलं." पुढं काही म्हणायच्या आत कंडक्टरनं घाई केली.

आठवडा उलटायच्या आत, फेरीवर असतानाच थोरलीची हाडं ठणकू लागली. डोळ्यांमागं कुणी घण घालावा तसं डोकं. रक्त तपासलं. तेच. ट्रे धुतला होता, पण त्याआधी उडून गेलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार? जोडीदारीण सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायची आणि रोज रक्त द्यायला नेऊन आणायची.

भर दुपारी आईचा फोन आला. "मोठे, आवाज असा का गं? बरी आहेस ना?"

एक शब्द सांगायचा अवकाश, आई मिळेल त्या बसनं निघाली असती. गुडघे धरत, छकूला मागं टाकून. याची थोरलीला आता खात्री होती. पूर्वी नसती.

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली. "छकू नीट जेवते का? तिला पाणी पाज भरपूर."

फोन ठेवून ती उठली. भिंतीचा आधार घेत तिनं माळ्यावरची मच्छरदाणी काढली, चार खिळ्यांना बांधली आणि आत शिरली. खिडकीखाली वस्तीतली पोरं ओरडत खेळत होती. एकाच्या बाद होण्यावरून भांडण जुंपलं होतं. पायांवर पांढरे पट्टे असलेला एक डास बाहेरून जाळीवर येऊन बसला, उठला, पुन्हा बसला. थोरली गुडघ्यांवर रांगत, मधेमधे थांबून दम घेत, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचत गेली. शेवटची बाजू राहिली होती. तिनं तीही नीट खोचली, हात फिरवून कुठं फट राहिली नाही ना ते बघितलं, आणि मग आडवी झाली.