डावीकडची हवा

सोमशेखरनं तिसऱ्यांदा चहा पिऊन यायचा आग्रह केला, तेव्हा कुंडलिकरावांची खात्रीच पटली. यानं गाडीत काहीतरी केलंय.

श्रीपूरच्या साखर कारखान्यात ते तीस वर्षं वजनकाट्यावर होते. उसाखाली दगड दडवलेला गाडीवान कसा वागतो, ते त्यांना पाठ होतं. तो सगळीकडं बघतो, फक्त आपल्या गाडीकडं बघत नाही. सोलापुरातल्या आपल्या गॅरेजात सोमशेखर आज तसाच बघत होता.

"चहा नको. माझ्यासमोर खोल."

"अण्णा, दोन तासांचं काम हाय. उकाड्यात कुठं बसता?"

"बसतो की. तू खोल."

गेल्या आठवड्यात लेक अंकिता बाळाला घेऊन माहेरी आली. स्टेशनवरून येताना पुढं बसली आणि म्हणाली, "अण्णा, माझ्या बाजूनं गरम हवा येतीय." एसी दोन्हीकडं अठरावर होता. घरी येऊन त्यांनी ताप मोजायचं थर्मामीटर दोन्ही जाळ्यांना धरून बघितलं. उजवीकडं आकडाच उठेना. डावीकडं एकशे चार.

तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. मागचा सगळा उन्हाळा रंभाबाई, त्यांची बायको, त्याच सीटवर बसून दर तीन आठवड्यांनी बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जात होती. श्रावणात ती गेली. नंतर तिथं कुणी बसलंच नव्हतं. म्हणजे आपण गार हवेत गाडी चालवली आणि ती आजारी बाई शेजारी भाजत राहिली? गाडीला आजवर एकट्या सोमशेखरचा हात लागला होता.

सोमशेखरनं तपासायचं मशीन जोडलं. पडद्यावर ओळ आली: डाव्या झडपेची मोटर उत्तर देत नाही.

"मोटर गेली," तो घाईनं म्हणाला. "नवीन टाकतो. पैसे देऊ नका."

"पैसे नको? का रं? मी काय जावई हाय तुझा? काढून दाखव."

सोमशेखरनं डावीकडचा कप्पा काढला. कुंडलिकराव गुडघ्यावर बसले आणि मोबाईलचा उजेड आत मारला. मोटर धडधाकट होती. तिची पिन काढून टेप गुंडाळून ठेवली होती, आणि झडपेचा दांडा गरम बाजूला ओढून तारेनं बांधला होता. तारेला नीट पीळ होता. उंदराचं काम नव्हतं ते.

"कुणी केलं हे?"

सोमशेखर हातातला पाना पुसायला लागला.

"माझ्या बायकोला भाजत नेलं मी, तुझ्यापायी. बोल!"

सोमशेखरनं पाना खाली ठेवला. "काकूंनीच करायला लावलं, अण्णा. सर्व्हिसिंगला आलता, तुमी औषधं आणायला गेलता. म्हणाल्या, सलाईन लावल्यापासून हाडात गारठा शिरलाय. ह्यांना सांगितलं तर एसी बंद करतील अन् बीपीचा माणूस घामाघूम होऊन गाडी चालवंल. माझ्यापुरतं गरम येऊ दे. सिद्धेश्वराची शपथ घातली, सांगू नको म्हणून."

"गेलेल्या माणसावर ढकलतोस व्हय?"

पण बोलता बोलताच त्यांना चादर आठवली. पहिल्या दोन खेपांना रंभाबाई जाड चादर गुंडाळून बसली होती. "बायको न्यायला निघालो का गाठोडं?" असं म्हणून ते हसलेही होते. सर्व्हिसिंगनंतर तिनं चादर घरीच ठेवली. त्यांना वाटलं होतं, औषध लागू पडतंय. अंकिताला फोन करून सांगितलंही होतं.

त्यांनी हात आत घालून तारेचा पीळ बोटानं चाचपला.

"आता जोडू का?" सोमशेखरनं विचारलं.

कुंडलिकराव उठले आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर ते कधीच बसले नव्हते. "तू चालव. सात रस्ता चौकापर्यंत. एसी अठरावर."

"अण्णा, मे महिना हाय."

"चल म्हणतो न्हवं?"

गरम हवा गुडघ्यांवर, पोटावर, हातांवर येत राहिली. सोमशेखर गारव्यात होता. सात रस्त्याच्या अलीकडं त्यानं विचारलं, "बंद करू?"

"नको."

परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. ते उतरले, उपरण्यानं तोंड पुसलं.

"आता सोड ती तार. लेकरू बसणार हाय तितं."

सोमशेखर वाकला, तसे ते स्टूल ओढून बसले, गाडीकडं पाठ करून.

"अन् चहा सांग. मगापासून विचारतोयस."