पाचावर एक

आगगाडीचा रस्ता टाकायला अनसिंगला आलेल्या इंजिनिअर साहेबाने गायरानावर आठ गड्डे खणून गोल्फ सुरू केला आणि दर शनिवारी वाशीमच्या डॉक्टर साहेबाकडून तो नेमाने हरू लागला. हरण्याचं कारणही त्याने शोधून काढलं. मैदान अपुरं होतं, नववा गड्डा हवा होता. तो नेमका शालिकराम माळ्याच्या काकडीच्या वाफ्यात बसत होता.

शालिकराम आणि त्याची बायको गोजराबाई यांनी खूप हात जोडले. शेवटी साहेब म्हणाला, येत्या शनिवारी मी आठांवरच जिंकलो तर मळा तुमचा, नाहीतर सोमवारी मजूर येतील.

साहेबाचे टोले मोजायचं काम शालिकरामकडेच आलं, कारण टोले हाणताना शिव्या घालणं आणि मोजणं साहेबाला एकदम जमत नसे. चेंडू गड्ड्यात पडेपर्यंतचे सगळे टोले धरायचे, शेवटी बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकला, असं त्याने समजावलं.

"कमी मारून जितते, तं मंग मारतेच कायले?" गोजराबाईने विचारलं.

शनिवारी साहेब कधी नव्हे असा खेळला. दर गड्ड्याला नेमके पाच टोले. आणि इथेच घात झाला. शालिकरामचा जन्म बाजारात काकड्या मोजण्यात गेलेला. पाच मोजल्या की गिऱ्हाइकाच्या ओटीत एक वरची टाकायचीच, नुसत्या पाच देणं म्हणजे कद्रूपणा. त्यात हे तर मळा वाचवणारं गिऱ्हाईक! पाचवा टोला झाला की त्याचं बोट आपोआप सहाव्यावर जाई. चाळिसाचे अठ्ठेचाळीस झाले. डॉक्टरचे पंचेचाळीस होते.

साहेबाचा चेहरा पडला. डॉक्टरला दया आली. कच्च्या खेळाडूला सवलत द्यायची रीत गोल्फात आहेच, म्हणाला. पुढच्या वेळेपासून दर गड्ड्यामागे तुझा एक टोला वजा धरू. साहेबाने मनात हिशेब केला आणि त्याची कळी खुलली. अठ्ठेचाळिसातून आठ गेले की चाळीस. म्हणजे आता दर शनिवारी जीत! डॉक्टर टांग्यात बसून गेला तरी तो हसतच होता.

मळा आपल्याच बोटाने घालवला, हे शालिकरामला मात्र आत्ता कुठे उमगलं. तो पुढे झाला.

"साहेब, म्या चुकलो. दर पाचावर एक जास्त धरला. तुमी चाळीसच मारले. तुमी जितले, साहेब."

साहेबाचं हसू थांबलं. ह्या एका शनिवारची जीत घ्यावी तर जन्माची सवलत जात होती. त्याने टांग्याच्या धुळीकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं.

"शालिकराम," तो अगदी मायेने म्हणाला, "तू चुकला नाही. तुला मोजता येतं म्हणून तर तुला ठेवला. दर शनिवारी असंच मोजायचं."

"आन मळा?"

"मी तर हरलो ना," साहेब म्हणाला. "तूच मोजलंस."